गोळी रोज, डोकेदुखीही रोज

वाचकाचं पत्र: डॉक्टर, माझं वय ४१. शाळेत असल्यापासून अर्धशिशी आहे. पूर्वी महिन्यातून एक-दोनदा डोकं उठायचं, उलटी झाली आणि अंधारात पडून राहिले की उतरायचं. गेली पाच-सहा वर्षं मात्र डोकं दुखलं नाही असा दिवस विरळाच. डोळे तपासले, कान-नाक-घसा झालं, एमआरआय झाला, सगळं नॉर्मल. तीन औषधं झाली. ॲमिट्रिप्टिलिन बारा दिवस घेतलं, सकाळी डोळे उघडत नव्हते, शिवाय आतल्या कागदावर ते नैराश्याचं औषध असल्याचं वाचलं. प्रोप्रॅनोलॉल तीन आठवडे, काही फरक नाही. टोपिरामेटने बोटांना मुंग्या आल्या म्हणून सोडलं. सध्या पॅरासिटामॉल आणि कॅफीनची गोळी घेते, आठवड्यातले पाच दिवस तरी. तिनेही आता जेमतेम दोन तास बरं वाटतं. घरचे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. माझ्यावर औषधं चालतच नाहीत का? सगळं बंद करून दुसऱ्या उपचारांकडे वळू का? आणि माझी बारा वर्षांची मुलगी हल्ली डोकं धरून बसते. तिचंही असंच होणार का?

ताई, नमस्कार.

गुण न आलेल्या औषधांची यादी तुम्ही नीट दिली आहे, पण माझी नजर अडली ती शेवटच्या गोळीवर. आठवड्यातले पाच दिवस म्हणजे महिन्यातले वीसहून जास्त दिवस. इतके दिवस वेदनाशामक पोटात जात असताना बाकीची औषधं लागू पडली नाहीत, याचं मला फारसं नवल वाटत नाही. सगळ्यात आधी ही गोळी बघू, उरलेलं मागाहून.

डोकेदुखीच्या आजारांचं एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे. जगभरचे डॉक्टर तेच वापरतात, त्याची तिसरी आवृत्ती २०१८ साली आली. त्यात औषधांच्या अतिवापराने होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र जागा दिलेली आहे. मुळात डोकेदुखीचा आजार असलेल्या माणसाचं डोकं महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस दुखू लागतं आणि तीन महिन्यांहून जास्त काळ त्याचा गोळ्यांचा रतीब चालू असतो, तेव्हा हे निदान करतात. नुसती पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी एकाच घटकाची गोळी असेल तर मर्यादा महिन्यातले १५ दिवस. मिश्र गोळ्या, ट्रिप्टान किंवा अर्गोटामिन ही अर्धशिशीच्या झटक्यावरची औषधं, किंवा कोडीन, ट्रॅमाडॉल ही अफूच्या गटातली वेदनाशामकं असतील तर १० दिवसच. तुमची गोळी मिश्र आहे, म्हणजे तुम्ही मर्यादेच्या दुप्पट पुढे आहात. हा हिशेब गोळ्यांचा नसून दिवसांचा असतो, हेही ध्यानात घ्या. एका दिवसात तीन घेतल्या तरी तो एकच दिवस, आणि रोज अर्धी-अर्धी घेतली तरी ते पुरते तीस दिवस. 'मी अर्धीच घेते' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते ऐकलं की मी पहिल्यांदा दिवसच विचारतो.

गोळीने दुखणं दबतं, पण मेंदूतली वेदना जाणवून घेणारी यंत्रणा सततच्या गोळ्यांनी हळूहळू जास्त हळवी होत जाते. मग एरवी जाणवलंही नसतं एवढ्याशा कारणाने डोकं उठतं. गोळीचा असर उतरला की दुखणं परत, त्यावर पुन्हा गोळी. उसनं फेडायला नवं उसनं काढत राहावं, तसं हे चालू राहतं. तुमच्या गोळीत कॅफीनही आहे आणि त्याची शरीराला सवय लागते. ते वेळेवर मिळालं नाही की त्यामुळेसुद्धा डोकं दुखतं. सकाळी जाग येतानाच डोकं जड असतं का, ते आठवून बघा. रात्रभर गोळी न मिळाल्याची ती खूण असू शकते. (घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडण्याचा त्रास असेल तरीही सकाळीच डोकं दुखतं, म्हणून रात्री तुम्ही घोरता का हे घरच्यांना विचारा.)

यात तुमचा दोष काही नाही. दुखतं म्हणून माणूस गोळी घेतो. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक घेणाऱ्यांना, मुळात डोकेदुखीची प्रवृत्ती नसेल तर, हा त्रास सहसा होत नाही. अर्धशिशी असलेल्यांच्या मेंदूतच ती ओढ आहे. मात्र पहिल्यांदा औषध देताना 'आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नको' एवढं एक वाक्य सांगायचं राहून जातं, याचं मला वाईट वाटतं.

गोळी सोडायची कशी, ते आता. तुमच्या डॉक्टरांना सांगून सोडायची. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, ट्रिप्टान ही औषधं एका दिवसात पूर्ण थांबवता येतात. कोडीन, ट्रॅमाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या रोज चालू असतील तर त्या मात्र एकदम तोडू नयेत, टप्प्याटप्प्याने कमी कराव्या लागतात. तुम्ही लिहिलेल्या यादीत त्या नाहीत, तरी घरात दुसरं काही चालू असेल तर लपवू नका. थांबवल्यावर पहिले दिवस वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवतो. डोकं नेहमीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप उडते, चिडचिड होते. हा काळ साधारण दोन ते दहा दिवसांचा असतो. बहुतेक लोक तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'हे आपल्याला मानवत नाही' म्हणून पुन्हा स्ट्रिप फोडतात, आणि सगळं मुसळ केरात. म्हणून कामाचा रगाडा नसलेले दिवस निवडा, घरच्यांना कल्पना द्या, आणि या दिवसांपुरतं मळमळीचं औषध किंवा गरज पडल्यास दुसऱ्या गटातलं थोड्या दिवसांचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. खरा फरक कळायला मात्र आठवडे लागतात, कधी दोन महिनेही.

आधी गोळी पूर्ण सुटू दे, मगच प्रतिबंधक औषध, म्हणजे दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायचं औषध, सुरू करू, असं पूर्वी सांगत. आता तेवढी वाट बघत नाहीत. दोन्ही एकदमच सुरू केलं तर चालतं, बऱ्याच जणांना तेच सोपं जातं.

आता तुमची तीन औषधं. प्रतिबंधक औषध दुखणं थांबवत नाही, ते दुखणं येण्याचे दिवस कमी करतं, आणि त्याला वेळ लागतो. लहान मात्रेने सुरुवात करायची, हळूहळू पुरेशा मात्रेपर्यंत न्यायचं, आणि तिथे पोचल्यावर आठ ते बारा आठवडे थांबून मग निकाल लावायचा. तुमचं ॲमिट्रिप्टिलिन बारा दिवसांत संपलं. त्याची पेंग पहिल्या एक-दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त असते, १० मिलिग्रॅमने सुरू करून झोपायच्या दोन-तीन तास आधी घेतलं तर सकाळ बरीच मोकळी जाते. राहिली नैराश्याची गोष्ट. ते औषध जुनं आहे, नैराश्यासाठीच आलं, पण वेदनेच्या आजारांत ते त्याहून बऱ्याच कमी मात्रेत वापरतात आणि मन अगदी ठणठणीत असलेल्या माणसालाही त्याचा गुण येतो. तसं पाहिलं तर प्रोप्रॅनोलॉल हृदयाचं आणि टोपिरामेट अपस्माराचं. तुम्ही तीनही घेतली, पण नाव खटकलं ते एकाचंच.

प्रोप्रॅनोलॉलला तुम्ही तीन आठवडे दिले. एवढ्यात काही कळत नाही. त्या वेळी मात्रा किती होती ते चिठ्ठीवर बघा, सुरुवातीच्याच मात्रेवर राहिला असाल तर ते औषध वापरून झालं असं मी म्हणणारच नाही. (दमा असेल तर मात्र ते घेऊ नये.) टोपिरामेटच्या मुंग्या त्रासदायक असतात, पण सहसा धोकादायक नसतात, आणि मात्रा हळू वाढवली तर पुष्कळांना सोसतात. त्याचे दुसरे अपाय मला जास्त महत्त्वाचे वाटतात. बोलताना शब्द न आठवणं, मूतखडा, आणि गर्भ राहिला तर बाळाला धोका. मूल होण्याची शक्यता असलेल्या बाईला ते देताना हे बोलून घ्यायलाच हवं. व्हॅल्प्रोएट या अपस्माराच्याच दुसऱ्या औषधाच्या बाबतीत तर अशा बायकांनी शक्यतो त्या वाटेला जाऊच नये.

'औषधाला दाद न देणारी' अर्धशिशी कशाला म्हणायचं, याची व्याख्या युरोपियन हेडेक फेडरेशनने २०२० मध्ये ठरवली. किमान तीन वेगवेगळ्या गटांची प्रतिबंधक औषधं रीतसर वापरून निकामी ठरलेली असली पाहिजेत, आणि तरीही सलग तीन महिने, दर महिन्याला निदान आठ दिवस माणूस बेजार होत असला पाहिजे. सोसलं नाही म्हणून सोडलेलं औषधही त्यात धरतात. त्या हिशेबाने तुमचं टोपिरामेट फारतर मोजू. बाकीची दोन मोजता येत नाहीत. तुम्ही स्वतःला शेवटच्या पायरीवर समजता आहात, मला तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर दिसता.

गुण आला म्हणजे काय, हेही आधी ठरवून घ्या. रोजच्यासारखी डोकेदुखी झालेल्या माणसाचे दुखण्याचे दिवस तिसऱ्या हिश्श्याने जरी कमी झाले तरी ते यश मानतात. महिन्याला पंचवीसचे सोळा झाले, तर 'अजून दुखतंच आहे' म्हणून तुम्ही औषध सोडाल आणि मी ते चालू ठेवायला सांगेन. यासाठी नोंद लागते. पानभर लिहायची गरज नाही. दिनदर्शिकेच्या चौकटीत रोज रात्री दोनच खुणा: दुखलं असेल तर शून्य ते तीनपैकी एक आकडा, गोळी घेतली असेल तर एक टिंब. पाळीच्या तारखा तिथेच असू द्या. महिनाअखेरीस टिंबं मोजा. बहुतेकांना आपण घेतलेल्या गोळ्यांचा अंदाज खूपच कमी वाटत असतो, चौकटीतली टिंबं बघून ते चपापतात.

एवढं करूनही फरक पडला नाही तर पुढची औषधं आहेत. कँडेसार्टन, फ्लुनारिझिन, व्हेन्लाफॅक्सिन ही जुन्यांतली. रोजच्या अर्धशिशीसाठी बोट्युलिनम टॉक्सिनची, म्हणजे लोक ज्याला बोटॉक्स म्हणतात त्याची, इंजेक्शनं अमेरिकेत २०१० पासून मान्य आहेत. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे अशा ३१ ठिकाणी बारीक सुईने एकूण १५५ युनिट देतात, दर बारा आठवड्यांनी. दोन-तीन फेऱ्यांशिवाय निकाल लावत नाहीत. मानेच्या मागे नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन देण्याचाही उपाय आहे, गोळी सोडतानाचे कठीण दिवस निभवायला तो कधीकधी उपयोगी पडतो.

आणि मग सीजीआरपी. अर्धशिशीच्या झटक्यात मज्जातंतूंमधून हा पदार्थ बाहेर पडतो, हे उमगायला आणि त्यावर औषध यायला कित्येक दशकं गेली. त्या कामासाठी लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोवित्झ आणि येस ओलेसन या चौघांना मेंदूविज्ञानातला २०२१ चा ब्रेन प्राइझ हा पुरस्कार मिळाला. त्यावर बेतलेलं पहिलं प्रतिपिंड औषध, एरेनुमॅब, २०१८ मध्ये मान्य झालं. फ्रेमानेझुमॅब, गॅल्कानेझुमॅब ही त्याच वर्षीची. याआधी आपण जी प्रतिबंधक औषधं वापरत होतो ती जवळपास सगळी दुसऱ्या आजारांकडून उधार घेतलेली होती, ही खास अर्धशिशी रोखण्यासाठी घडवलेली. सगळ्यांना चालतात असं नाही, पण ज्यांना चालतात त्यांना ओझं उतरल्यासारखं वाटतं. महाग असतात आणि सगळीकडे मिळत नाहीत, ही मोठी अडचण आहे.

एक शंका मला अजून फेडून घ्यायची आहे. तुमचं दुखणं कायम एकाच बाजूला असतं का? कधीही बाजू न बदलता, सतत, आणि त्या बाजूच्या डोळ्यातून पाणी येणं, नाक चोंदणं असं काही? 'हेमिक्रेनिया कंटिन्युआ' नावाचा एक विरळा प्रकार इंडोमेथॅसिन या एकाच औषधाला हमखास दाद देतो, आणि दुसरी दहा औषधं दिली तरी ढिम्म हलत नाही. तसंच एकाच डोळ्यामागे भयंकर दुखून पाऊण-एक तासात थांबणारी, माणसाला येरझारा घालायला लावणारी क्लस्टर डोकेदुखी निराळी. तिथे झटक्याला मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात. औषध चालत नाही तेव्हा निदान पुन्हा तपासणं हा पहिला धर्म. तुमच्या पत्रातलं वर्णन अर्धशिशीचंच वाटतं, तरी तुमच्या डॉक्टरांना हे विचारा. 'सायनस' हे निदान मात्र चटकन मान्य करू नका. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं मानणाऱ्या जवळजवळ ३००० लोकांपैकी ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या, म्हणजे अर्धशिशीच्याच, जातीचं निघालं. अर्धशिशीतही नाक वाहतं.

काही लक्षणं दिसली तर हा लेख बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठायचं. वीज पडावी तसं क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, ताप आणि ताठलेली मान, हातापायातली शक्ती जाणं, बोलताना अडखळणं, नजर अंधुक होणं, डोक्याला मार लागल्यावरचं वाढतं दुखणं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने उठलेलं तीव्र दुखणं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं, चावताना जबडा दुखतो, कानशिलाला हात लाववत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तो रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार असू शकतो, उशीर झाला तर दृष्टी जाते.

एमआरआय नॉर्मल आल्यावर माणसं खट्टू होतात, हे मी नेहमी बघतो. काही निघालं नाही म्हणजे आजार खोटा, असं घरच्यांना वाटतं आणि मग स्वतःलाही वाटू लागतं. अर्धशिशी एमआरआयमध्ये दिसत नाहीच. ती तपासणी दुसरं काही नाही ना, एवढं बघायला असते. तुमच्या यजमानांना हे वाचायला द्या. ताणाने झटका येऊ शकतो, जागरणाने, जेवण चुकल्याने, पाळीच्या आसपासही येतो, पण ताण हे आजाराचं मूळ नाही. 'टेन्शन घेऊ नकोस' या सल्ल्याने कुणाचं टेन्शन कमी झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुसऱ्या उपचारांबद्दल विचारलंत. ॲक्युपंक्चरला मी नाही म्हणणार नाही. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, त्याचा परिणाम प्रतिबंधक गोळ्यांच्या तोडीचा दिसला होता. मॅग्नेशियम आणि रोज ४०० मिलिग्रॅम रिबोफ्लेविन यांनी काहींना उतार पडतो, अपाय कमी आहे, मूत्रपिंडाचा आजार असेल तर मॅग्नेशियम विचारून घ्या. आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं, दम लागेल असा व्यायाम: २०११ मधल्या एका स्वीडिश अभ्यासात तो टोपिरामेटच्या बरोबरीला उतरला होता. पण रोज डोकं दुखत असताना पहिल्याच दिवशी ४० मिनिटं करायला जाल तर दुखणं वाढेल, दहा मिनिटांपासून चढवत न्या. बटरबर ही वनस्पती यकृताला बाधते, ती नको. आणि ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती घेऊ नका. तिच्यात वेदनाशामकच मिसळलेलं निघालं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. 'सगळं बंद करून' तिकडे वळण्याचं मात्र काही कारण नाही, दोन्ही बरोबरीने चालतं.

मुलीबद्दल. अर्धशिशी घराण्यात चालते, त्यामुळे तिला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, पण तुमची गेली पाच-सहा वर्षं तिच्या वाट्याला येतीलच असं मुळीच नाही. मुलांमध्ये झटका लहान असतो, कधी दोन तासांतच संपतो, आणि दुखणं बरेचदा कपाळाच्या दोन्ही बाजूंना असतं, म्हणून तो ओळखू येत नाही. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा, तिचीही वेगळी दिनदर्शिका ठेवा. झोपेची वेळ, न चुकणारा नाश्ता, पुरेसं पाणी यांनी पुष्कळ मुलांचं भागतं. दुखायला लागताच वजनाच्या हिशेबाने आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल, आठवड्यातून दोन दिवसांच्या आत. तुमच्याकडे उरलेलं ॲमिट्रिप्टिलिन किंवा टोपिरामेट तिला देऊ नका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८ ते १७ वर्षांच्या मुलांवरच्या मोठ्या चाचणीत ही दोन्ही औषधं औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती, आणि दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकीही निम्म्याहून जास्त मुलांना बरं वाटलं होतं. ॲस्पिरिनही घरात असलं तरी तिला नको. सोळा वर्षांखालच्या मुलांना त्याने, विशेषतः तापाच्या साथीत, राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.